डावीकडचा पडदा

आमच्या दाजींइतका कॉम्प्युटरचा मान राखणारा माणूस नांदेडपासून उदगीरपर्यंत दुसरा सापडायचा नाही, आणि सापडलाच तर मी त्याच्या वाटेला जाणार नाही, कारण असा एक नातेवाईक माणसाला आयुष्यभर पुरतो. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. उदगीरला त्यांचं लग्नपत्रिकांचं दुकान आहे. पत्रिका कॉम्प्युटरवर जुळवायची आणि मागच्या खोलीत छापायची, हा त्यांचा तीस वर्षांचा धंदा. दुकानात शिरताना गिऱ्हाईक चप्पल बाहेर काढतं, ते गणपतीच्या तसबिरीसाठी नव्हे, कॉम्प्युटरसाठी. धूळ जाऊ नये म्हणून ही पद्धत असेल, असं मी समजत होतो. एकदा विचारलं तर म्हणाले, "धुळीचं काय न्हाई, मास्तर. पण त्यो बघत असतोय की." मी नांदेडला शाळेत गणित शिकवतो. बघतोय म्हणजे कोण, कुठून आणि कशानं, असे तीन प्रश्न मी लागोपाठ विचारले. दाजींनी माझ्याकडे दयेनं पाहिलं आणि चहा सांगितला.

संध्याकाळी दुकान मिटताना दाजी कॉम्प्युटर बंद करत नाहीत, झोपवतात. यादीत 'स्लीप' आणि 'शट डाउन' हे दोन शब्द खाली-वर असतात. बाण चुकून दुसऱ्यावर जाऊ नये म्हणून दाजी डाव्या हातानं उजव्या हाताचं मनगट धरतात आणि श्वास रोखून बटण दाबतात. एखादी खिडकी अडकली आणि कॉम्प्युटरनं ती पांढुरकी करून टाकली, की तुम्ही-आम्ही माऊस आपटतो. दाजी दोन्ही हात मागं घेतात आणि दुकानातल्या सगळ्यांना गप्प करतात. "तोंड पांढरं पडलं बगा तिचं. कायतरी बघितलंय तिनं. जरा सबर करा." मग खेड्यावरून आलेली चार धट्टीकट्टी माणसं तोंडातलं पान न चघळता तशीच उभी राहतात. खिडकीला पुन्हा रंग आला की दाजी हलक्या आवाजात "हाव, झालं, झालं" म्हणतात आणि कामाला लागतात. एका खिडकीचं डोकं माऊसनं धरून गदागदा हलवलं की बाकीच्या सगळ्या खिडक्या खाली पळून जातात, हा शोध त्यांना असाच अपघातानं लागला. त्यानंतर दोन दिवस दुकान बंद होतं. आम्हाला कळवलं की ताप आलाय.

टाकाऊ फायली जिथे जाऊन पडतात त्या बादलीचं नाव बदलता येतं, हे मला दाजींमुळे कळलं. त्यांनी तिचं नाव 'विसावा' ठेवलंय. "नवरा-नवरीची नावं हायत त्यात. कचरा कसं म्हणावं?" हे त्यांचं म्हणणं. त्या विसाव्यात पंचक्रोशीतली सगळी मोडलेली लग्नं आहेत. पत्रिका जुळवून झाली आणि मग बोलणी फिसकटली, अशी. ती बादली दाजींनी कधीही रिकामी केलेली नाही. एकदा मीच करायला गेलो, तर यंत्रानं नेहमीप्रमाणे विचारलं, हे सगळं खरंच कायमचं पुसून टाकायचं का? दाजींनी माझा हात धरला. म्हणाले, "एवढ्यांदा इचारतंय म्हणजे त्याचं मन न्हाई. माणसानं समजून घ्यावं."

अक्का ह्यातल्या कशालाच भीत नव्हती. ती दाजींच्या डाव्या हाताला एका स्टुलावर, खाली शिवलेली गादी घेऊन बसायची, आणि तिच्यासमोर त्याच कॉम्प्युटरला जोडलेला दुसरा पडदा होता. दाजी आपल्या पडद्यावर पत्रिका जुळवायचे आणि मग ती खिडकी डावीकडे ढकलायचे. खिडकी इकडच्या कडेतून निघायची आणि तिकडे अक्कासमोर उगवायची. अक्का चष्मा नाकावर आणून वाचायची. सगळं बरोबर असलं तर बोटाच्या पेरानं टेबलावर दोनदा टकटक करायची. मग दाजींनी पत्रिका परत इकडे आणायची आणि छापायला घ्यायची. टकटक झाली नाही, तर चूक आहे. दाजींना तिच्या पडद्याकडे बघायची मात्र बंदी होती. "मधी डोकं घालू नका, माझी वाचायची वळ चुकती," म्हणायची.

आता आमच्याकडची पद्धत सांगायला हवी, नाहीतर अक्काचं काम कळायचं नाही. इकडे पत्रिकेचा मजकूर कोणी नव्यानं लिहून आणत नाही. थोरल्याच्या लग्नाची जुनी पत्रिका टेबलावर ठेवतात आणि सांगतात, "ह्याच्यावरून करा. नवरा-नवरी आन तारीख तेवढी बदला." मधे सहा-सात वर्षं गेलेली असतात आणि निमंत्रकांतले दोघं-तिघं वारलेले असतात. घरच्यांना त्याचं दुःख असतं, पण नावं वाचताना माणूस यादी वाचतो, माणसं वाचत नाही. मग मेलेले चुलते नावाआधी श्री. लावून, सहकुटुंब सहपरिवार यावं म्हणून लोकांना आग्रह करतात. पत्रिका गावभर गेल्यावर चुलतीच्या हातात पडते आणि पुढे जे होतं ते सांगण्यासारखं नसतं. अक्का हे पकडायची. "अहो, हे गेलेत की औंदा. त्येंच्या नावानं कुणाला जेवायला बोलवायलाव?" दाजी मुकाट्यानं श्री. पुसून कै. लावायचे.

लोहा हे आमचं माहेरगाव, म्हणजे तिचं. तिथपासून चाकूरपर्यंत कोण आहे आणि कोण नाही, हे अक्काला तोंडपाठ होतं. पाठ राहणार नाही ते ती पडद्याच्या कोपऱ्यात चिकटवायच्या पिवळ्या चिठ्ठीत लिहून ठेवायची. ती चिठ्ठी कॉम्प्युटरमधलीच, कागदाची नव्हे. कोणाचाही फोन आला की ख्यालीखुशाली विचारून झाल्यावर शेवटी हळूच, "आन गेलं-बिलं न्हाई ना कुणी?" हे विचारायचीच. दाजी त्या यादीला फार बिचकत. तिच्याकडे नजर जाऊ नये म्हणून डावीकडची चहाची कपबशीही ते न बघता उचलत, आणि निम्म्या वेळा सांडत.

गेल्या वर्षी अक्का गेली. सहा महिने दुखणं चाललं होतं, पण लातूरच्या दवाखान्यात न्यायच्या आदल्या दिवसापर्यंत ती स्टुलावर बसून पत्रिका वाचत होती. तिच्यामागून आठवडाभरात तिचा पडदाही गेला. त्याच्यातला उजेडच गेला आणि दुरुस्तीवाल्यानं हात टेकले. दाजींनी तो धुतलेल्या पंच्यात गुंडाळून माळ्यावर ठेवला. पण त्याची वायर आणि तिच्या टोकाची काळी डबी कॉम्प्युटरच्या पाठीत तशीच राहिली, आणि ती डबी यंत्राला सांगत राहिली की डावीकडे पडदा आहे. त्यामुळे बाण डावीकडे नेला तर तो कडेला थांबत नाही, पलीकडे निघून जातो. एखादी खिडकी उघडावी तर ती उघडल्याचा आवाज होतो आणि खिडकी दिसत नाही, कारण ती तिकडे उघडलेली असते. ह्यात भुताखेताचं काही नाही. अक्का गेल्याचं यंत्राला कोणी कळवलं नव्हतं, एवढंच.

हे सगळं मी दाजींना वहीवर दोन चौकोन काढून समजावलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं, मान डोलावली, आणि हातातली पत्रिका नेहमीप्रमाणे डावीकडे ढकलली. तीन बटणं एकदम दाबली की खिडकी तिकडे जाते आणि पुन्हा दाबली की इकडे येते, हे त्यांनी कुठूनसं शिकून घेतलं होतं. पत्रिका तिकडे पाठवायची, अक्काला वाचायला जेवढा वेळ लागायचा तेवढा वेळ हात मांडीवर ठेवून गप्प बसायचं, मग परत आणायची. रिकाम्या स्टुलावर गादी तशीच होती. दुकानात पाच माणसं आली आणि खुर्च्या चार असल्या तरी पाचवं माणूस त्या स्टुलावर बसत नसे. त्यांना कोणी काही सांगितलेलं नव्हतं.

एकदा माझ्यासमोर चाकूरचं एक गिऱ्हाईक आलं. पत्रिका तिकडे जाऊन आली, आणि दाजींनी थेट एका नावावर बोट ठेवलं. "हे तुमचे चुलते गेले का?" तो माणूस खुर्चीतून उठलाच. "पंधरा दिवस झाले. तुमाला कुणी सांगितलं? आमाला स्वतःला ध्यानात न्हवतं की नाव ऱ्हायलंय म्हणून." दाजींनी डावीकडे मान केली. तो माणूस पाठ न फिरवता मागे मागे सरकत दाराबाहेर गेला आणि चप्पल हातात घेऊनच चालू लागला. नांदेडच्या गाडीत बसल्यावर मला आठवलं की त्याच्या डोक्यावर नुकतेच उगवलेले, खुंटासारखे केस होते. सुतकात डोकं केलेला माणूस कोणालाही ओळखू येतो. दाजींनी ते पाहिलं असणार. पण मग मी पाहिलं नव्हतं का? मीही समोरच बसलो होतो.

आणि बाणाचं सांगायचं राहिलं. दाजी हात मांडीवर ठेवून बसले असताना, माऊसला कोणाचा हात नसताना, पडद्यावरचा बाण कधीकधी हळूच हलतो. मुंगीच्या चालीनं डावीकडे सरकतो आणि कडेला नाहीसा होतो. टेबलाची काच गुळगुळीत आहे आणि अशा काचेवर माऊस फसतो, हे मला माहीत आहे. मी माऊसखाली जुनी पत्रिका घालून पाहिली. बाण हलायचा थांबला. मग दाजींनी ती पत्रिका काढून घेतली. "कामून अडवायलाव?" म्हणाले. मला त्यांचा राग आला होता, हे कबूल करतो. माझीही बहीण गेली होती आणि मी कुठे नांदेडच्या वर्गात खडू आपोआप हलवत बसलो होतो?

मग ह्या उन्हाळ्यात अक्काच्या मुलीचा, माझ्या भाचीचा फोन आला. ती लातूरला नोकरी करते, आणि अक्कानं स्वतः बघून पक्क्या केलेल्या घरीच तिचं लग्न ठरलं होतं. "मामा," ती म्हणाली, "पप्पांनी माझी पत्रिका तिकडं पाठवलीय, आन परत आणंनात."

"तिकडं म्हणजे?"

"आईकडं. वीस दिवस झाले. इचारलं की म्हणतात, तिचं वाचून व्हायलंय अजून. लग्न महिन्यावर आलंय. सासरचे रोज फोन करायलेत."

मी म्हटलं, लातूरला तासाभरात छापून मिळेल. ती म्हणाली, "सगळ्या तालुक्याच्या पत्रिका पप्पांनी केल्या, मामा. माझीच दुसरीकडं छापली तर ते दुकान उघडायचे न्हाईत परत. तुम्ही या आन ती वायर काढा. वायर काढली की तिकडचं सगळं इकडं येतंय म्हणं." तेही खरं होतं. वायर उपसली की यंत्राला कळतं की डावीकडे काही नाही, आणि तिथल्या सगळ्या खिडक्या उरलेल्या पडद्यावर येऊन पडतात. मी रविवारी निघालो.

दुपारी तीनला उदगीरच्या बाजारात चिटपाखरू नव्हतं. दुकानाचं शटर अर्धं वर होतं आणि दाजी हात मांडीवर ठेवून बसले होते. पडदा रिकामा होता. मी रामराम करून सरळ टेबलाच्या मागे गेलो, गुडघ्यावर बसलो आणि कॉम्प्युटरच्या पाठीतली ती वायर चिमटीत धरली. तिचे दोन्ही बाजूंचे स्क्रू सैल झालेले होते. जरा ओढली असती तर हातात आली असती.

"काढा," वरून दाजींचा आवाज आला. "पोरीनं धाडलंय, म्हाईत हाय मला. काढा. पण आधी बगा तरी ती काय करायलीय."

मी वायर सोडली आणि पुढे येऊन खुर्चीत बसलो. मला वाटलं, ह्या माणसाला एकदा दाखवूनच द्यावं की तिकडे काही नाही. पडद्याचा फोटो काढायचं एक बटण प्रत्येक कीबोर्डवर असतं. ते दाबलं की यंत्राला जे जे पडदे आहेत असं वाटतं, त्या सगळ्यांचं एकच चित्र निघतं, नसलेल्या पडद्याचंसुद्धा. मी ते बटण दाबलं आणि चित्रं काढायच्या प्रोग्रॅममध्ये ते चित्र चिकटवलं. "हे बघा दाजी," असं म्हणालो, आणि मग मी स्वतः बघितलं.

चित्र दुप्पट रुंद आलं होतं. उजवा अर्धा भाग म्हणजे आमच्यासमोरचा रिकामा पडदा. डाव्या अर्ध्यात अक्काचा पडदा होता, ती उठून गेली तेव्हा होता तसा. मागे भाचीचा दोन वेण्या घातलेला शाळेतला फोटो. फायली तिच्या पद्धतीनं, कडेला एकाखाली एक लावलेल्या. मी, तीन प्रश्न विचारणारा मास्तर, खुर्चीत मागे सरकलो. त्या स्टुलाकडे बघायचं मी टाळलं. दाजी तिकडेच बघत होते.

मधोमध भाचीची पत्रिका होती. मी चित्र मोठं करून वाचू लागलो. नक्षी, मंगलाष्टकाची ओळ, मुलीचं नाव, सगळं सुबक होतं. आणि त्याखाली, कोणाची कन्या ह्या ओळीत, अक्काचं नाव होतं. आधी नुसतं सौ. लावलेलं. त्यापुढे श्री. लावून दाजींचं.

आता मला कळलं वीस दिवस काय अडलं होतं. हजारो नावांना कै. लावणाऱ्या माणसाच्या हातून हे एकच लागत नव्हतं. पत्रिका परत आणली असती तर चूक दिसली असती, आणि चूक दिसली असती तर दुरुस्त करावी लागली असती. म्हणून ती तिकडे होती. पत्रिका अशीच छापून लातूरला गेली असती तर वर्षापूर्वी वारलेल्या बाईनं लोकांना लग्नाला बोलावलं असतं, आणि न छापता राहिली असती तर पोरीच्या लग्नाला बापाच्या हातची पत्रिका नसती.

"दाजी," मी म्हटलं, "इथं..."

"म्हाईत हाय," ते म्हणाले. "ती टकटक करंना म्हणून ठिवलीय. तिला पटलं न्हाई ते. मला बी म्हाईत हाय."

मग माझी नजर कोपऱ्यातल्या पिवळ्या चिठ्ठीवर गेली. मी ती मोठी केली. वर लिहिलं होतं, 'कै. लावणे', आणि खाली यादी. चाकूरचे आबा, तारीख. लोह्याची धाकटी काकू, तारीख. शाळेतले मोठे सर, तारीख. अशी पंधरा-वीस माणसं. मी सगळ्यांत खालच्या ओळीवर आलो आणि दाजींना म्हटलं, "हे तुम्ही वाचलं होतं का कधी?"

"तिच्या पडद्यात मी बघत न्हाई," दाजी म्हणाले.

"आता बघा."

त्यांनी चष्मा पुसला आणि पडद्याजवळ आले. शेवटची ओळ अशी होती: 'मी. पोरीच्या पत्रिकेत ध्यान ठेवा, सौ.च ठेवताल. तारीख तुमी टाका.'

दाजींनी ती ओळ दोनदा वाचली असावी, कारण ओठ दोनदा हलले. मला रडू आवरेना. दाजी रडले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर चक्क ओशाळल्याचा भाव होता, चूक पकडली गेल्यावर व्हायचा तसाच. "बघा," म्हणाले, "आधीच वाचून ठिवली होती बाईनं." मग त्यांनी तीन बटणं दाबली. डावीकडच्या कडेतून भाचीची पत्रिका आली आणि आमच्यासमोर उभी राहिली. त्यांनी त्या ओळीवर बाण नेला. डाव्या हातानं उजव्या हाताचं मनगट धरलं, आणि सौ.च्या आधी कै. लावलं. त्या एवढ्याशा अक्षराला त्यांना किती वेळ लागला ते मी मोजलं नाही.

माझ्या मते काम झालं होतं. दाजींच्या मते नव्हतं. त्यांनी पत्रिका पुन्हा डावीकडे पाठवली आणि हात मांडीवर ठेवले. मीही ठेवले. बाहेर एक टेम्पो येऊन गेला. पंखा फिरत होता. बाण आपल्या जागेवरून हलला, डावीकडे सरकत गेला आणि दिसेनासा झाला. मी काचेचा विचार केला नाही. बऱ्याच वेळानं कुठेतरी दोनदा टकटक झाली. शटरवर वारा असेल, मागच्या खोलीत यंत्र थंड होत असेल. दाजींचे दोन्ही हात मांडीवर होते आणि माझेही. दाजी म्हणाले, "हाव." पत्रिका परत आणली आणि छापायला घेतली.

निघताना मी विचारलं, "चिठ्ठीवर तारीख टाकून देऊ का? इकडे आणता येते ती."

दाजी शाई लागलेले हात पुसत होते. "तेवढं ऱ्हाऊ द्या, मास्तर," म्हणाले. "एवढं एक काम तिचं ऱ्हायलेलं असू द्या."

मी भाचीला फोन करून सांगितलं की पत्रिका उद्या मिळेल. मग टेबलाच्या मागे पुन्हा गुडघ्यावर बसलो, ती वायर नीट आत दाबली आणि तिचे दोन्ही स्क्रू बोटांनी घट्ट पिळले.